दाढीच्या ब्रशावर केस कुणाचे ते लिहा की हो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पुरुषांच्या त्वचेवरचा लेख वाचला. चांगला होता, पण दाढीच्या ब्रशाच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आलं, "शक्य तितका मऊ ब्रश घ्यावा", बस. आता या एका वाक्यापायी गेल्या दोन वर्षांत माझे अडीच हजार रुपये आणि हनुवटीखालची बरीचशी कातडी गेलीय, त्यामुळे गप्प बसवेना म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त ब्रशाला कुणी कात्री लावू नका, का ते पुढे येईलच.

मी लातूरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालो. नोकरीत रोज सकाळी घाईत दाढी, हाताला येईल ती क्रीम आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला ६० रुपयांचा ब्रश, कधी विचारच केला नाही. साठी ओलांडली तशी कातडी पातळ झाली बहुतेक, गळ्यावर लाल पुटकुळ्या यायला लागल्या, केस आतल्या आत वळून गाठी धरायला लागले, शर्टाची कॉलर लागली तरी चुरचुर. ब्लेड बदललं, क्रीम बदलली, डब्यातला तयार फेस आणला, काही फरक नाही. शेवटी आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या पोराने माझा ब्रश हातात घेतला, स्वतःच्या मनगटावर घासून बघितला आणि म्हणाला, "सर, हा ब्रश आहे का भांडी घासायचा? ब्लेड लागायच्या आधी तुम्ही यानेच गाल सोलून घेताय."

मग घरी येऊन भिंगातून बघितला. नायलॉनच्या जाड काड्या आणि प्रत्येक काडीचं टोक सपाट कापलेलं, झाडू कापतात ना तसं. अशी शेपाचशे सपाट टोकं रोज सकाळी दोन मिनिटं गालावर गोल गोल फिरवायची म्हणजे काय होणार. तेव्हा एक गोष्ट डोक्यात शिरली की मऊपणाचं सगळं गणित टोकात आहे. जनावराचा केस मुळाशी जाड आणि टोकाला निमुळता होत जातो, ते निसर्गाने दिलेलं टोक शाबूत असेल तर ब्रश मऊ लागतो. म्हणून चांगला ब्रश करणारे कारागीर केसांचा जुडगा आधी साच्यात हाताने रचून गोल घुमटासारखा आकार देतात आणि मग बुडाशी डिंक लावून मुठीत बसवतात, वरून कापून आकार देत नाहीत. कापला की संपला.

हे कळल्यावर मला आमचे अण्णा आठवले. अण्णा म्हणजे वडील. त्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक ब्रश होता आणि पितळेची वाटी. वर्ष-दीड वर्षात ब्रशाचे केस पसरायचे, मग रविवारी दुपारी ओट्यावर बसून शिवणाच्या मोठ्या कात्रीने ते ब्रशाला व्यवस्थित सगळीकडून कातरायचे, अगदी फूटपट्टी लावल्यासारखं, आणि आम्हाला म्हणायचे बघा झाला की नाही नवा. आणि सोमवारी सकाळी गालावर तुरटी फिरवताना त्यांचं ते स्स्स स्स्स घरभर ऐकू यायचं. जन्मभर त्यांनी ब्लेडला शिव्या दिल्या हो, आणि दोष कात्रीचा.

असो. तर मऊ ब्रश घ्यायचा ठरवलं आणि पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो ऑनलाइनवाला. त्याने १,६५० रुपयांचा बॅजरचा ब्रश मागवून दिला, मामा हा सगळ्यात मऊ असतो म्हणाला. बॅजर म्हणजे बिळं खणून राहणारा, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला प्राणी, ब्रशाला लागणारे त्याचे केस बहुतेक चीनमधून येतात. केसाचं टोक पांढरं, मध्ये काळा पट्टा, बुडाला परत फिकट, दिसायला एकदम राजेशाही. पहिल्या दिवशी गालावर लावला तर काय सांगू, मांजर अंगावरून गेल्यासारखं वाटलं. पण फेस काही होईना! ब्रश इतका लुळा की साबणावर फिरवला की नुसता आडवा पडायचा, पाणी भरपूर प्यायचा आणि सगळं मनगटावरून कोपरापर्यंत गाळायचा. मग मी जोर लावायचो, जोर लावला की केस मुळापासून मोडायचे, महिनाभरात वॉश बेसिनमध्ये रोज पाच-सात केस. मऊ होता की, शक्य तितका मऊ होता, पुरवणीत लिहिल्याप्रमाणेच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे आहे की मऊ आणि लुळा यात फरक आहे. टोकाला मऊ पाहिजे आणि बुडाशी ताठ पाहिजे. ब्रशाचं काम मुळात काय, तर दाढीचा खुंट उभा करायचा, त्याच्या मुळाशी पाणी आणि साबण पोचवायचा. केस पाणी पितो आणि फुगून नरम होतो, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात, नरम केस ब्लेडखाली सहज तुटतो, ओढला जात नाही. डब्यातला तयार फेस नुसता हाताने वर थापला जातो, खुंट आहे तसा आडवाच राहतो. लुळा ब्रशही तेच करतो, वरवर साबण सारवतो. दुकानात बघायचं असेल तर एवढंच करा, कोरडा ब्रश वरच्या ओठावर टेकवा, गालावर नको, ओठावरची कातडी जास्त नाजूक असते, टोचलं तर लगेच कळतं. मग तळहातावर ब्रश दाबा आणि सोडा, केस उसळी मारून परत उभे राहायला पाहिजेत. आणि मुठीच्या वर केस किती उंच आहेत ते बघा. साधारण ५० मिलिमीटर म्हणजे पाच सेंटीमीटर उंची आणि बुडाशी २२ ते २४ मिलिमीटरचा जुडगा बहुतेकांना पुरतो. तेवढ्याच जाडीत केस उंच असले की ब्रश लुळा पडतो, आखूड असले की ताठ होतो, लांब छडी सहज वाकते आणि आखूड वाकत नाही ते आपण सहावी-सातवीच्या पोरांना दाखवतो तेच.

आता दुसरं म्हणणं, आणि पत्र लिहायचं खरं कारण ते आहे. बॅजर वाया गेल्यावर मी स्वतः बाजारात गेलो. एका मोठ्या जनरल स्टोअरमध्ये सात-आठ प्रकारचे ब्रश टांगलेले. एकावर लिहिलं होतं प्युअर ब्रिसल, दुसऱ्यावर सुपर सॉफ्ट, तिसऱ्यावर नुसतंच प्रीमियम क्वालिटी. मी दुकानदाराला विचारलं, "मालक, यातले केस कशाचे आहेत?" तो म्हणाला, "ब्रशचे." मी म्हटलं ते कळलं हो, पण कुठल्या प्राण्याचे, तर तो डबा उलटासुलटा करून म्हणाला, "सर त्यात काय, केस ते केस, घ्या तर हा, चालतो चांगला."

डब्यावर एमआरपी होती, महिना-वर्ष होतं, कस्टमर केअरचा नंबर होता, केस कशाचे ते कुठेच नाही. आता ब्रिसल म्हणजे काय ते किती जणांना माहीत आहे? ब्रिसल म्हणजे डुकराचे राठ केस. माझ्याबरोबर शाळेत २० वर्षं काढलेले एक जैन गुरुजी आहेत, कांदा-लसूण खात नाहीत, जेवायला बसताना पाकिटावरचा हिरवा ठिपका चष्मा लावून बघतात, आणि रोज सकाळी प्युअर ब्रिसल तोंडावर फिरवतात. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. माझे मुसलमान मित्र आहेत त्यांनाही हे चालणार नाही. मला स्वतःला चालतं, म्हणजे मी खातोपितो, पण ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि पैसे देऊन घेणाऱ्याला कळायला तर पाहिजे. बिस्किटाच्या पुड्यावर ठिपका, बऱ्याच साबणांवर ठिपका, आणि ज्याने तो साबण ओठापर्यंत लावायचा त्यावर काहीच नाही.

बरं, जिथे लिहितात तिथे तरी खरं लिहावं. बॅजरच्या ब्रशात प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशा पायऱ्या सांगतात. आपल्याला वाटतं प्युअर म्हणजे शुद्ध, म्हणजे तुपासारखं सगळ्यात भारी. तर नाही, या उतरंडीत प्युअर हा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात राठ, सिल्व्हरटिप सगळ्यात मऊ. आणि या पायऱ्यांना कुणाचं सक्तीचं प्रमाण नाही, ज्याचा तो नाव देतो, एकाचा बेस्ट दुसऱ्याचा सुपर असू शकतो. त्यात आणखी गंमत म्हणजे डुकराच्या केसाला मध्ये काळा रंग मारून बॅजरसारखा पट्टा काढतात, नायलॉनवरही काढतात. तो पट्टा बघून कुणी पैसे मोजत असेल तर त्याला काय म्हणायचं.

ही नकल नवीन नाही आणि एकदा ती माणसांच्या जिवावर बेतलीय, हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून सांगतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांना गुळगुळीत दाढी करणं भाग होतं, कारण विषारी वायूचा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही. ब्रशांची मागणी वाढली, बॅजरचे केस मिळेनात, मग आशियातून आलेले घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे करून स्वस्तात ब्रश विकले गेले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते, त्यात अँथ्रॅक्सचे जंतू होते, आपल्याकडे ज्याला काळपुळी म्हणतात तो रोग. दाढी करताना कापलं की थेट जखमेत. ब्रिटन आणि अमेरिका मिळून दोनशेच्या वर लोकांना लागण झाली, त्यातले कित्येक मेले. आज केस निर्जंतुक करून येतात, घाबरायचं काही कारण नाही, घोड्याच्या आयाळीचे-शेपटीचे ब्रश आजही मिळतात आणि बरे असतात. पण एका प्राण्याचे केस दुसऱ्याच्या नावाने खपवले की काय होतं त्याचा हा धडा, आम्ही असतो तर पुस्तकातच घातला असता.

आपल्या देशातला प्रकार तर वेगळाच आहे. मुंगसाचे केस. रंगाच्या ब्रशांसाठी मुंगूस मारतात हे ऐकलं असेल, दाढीच्या ब्रशांसाठीही मारतात. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्याच्या केसांचा धंदा हा सरळसरळ गुन्हा आहे, तरी अधूनमधून पकडापकडीच्या बातम्या येतातच, आपल्याच पेपरात वाचल्यात. लहानपणी बांधावर मुंगूस दिसलं की आम्ही तोंड दाखव तोंड दाखव करत त्याच्या मागे पळायचो, त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो म्हणून. तेच रोज सकाळी तोंडावर फिरत असेल तर! डब्यावर केसाचं नाव छापायची सक्ती झाली तर असला माल विकणाऱ्याला निदान खोटं छापावं लागेल आणि खोटं पकडता येतं. काहीच न छापणाऱ्याचं काय पकडणार?

आता पकडायचं कसं. नववी-दहावीच्या पोरांकडून मी कित्येक वर्षं लोकर आणि नायलॉन ओळखायचा प्रयोग करून घेतला, धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्यायचा. लोकर म्हणजे केसच, ती जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे काळी राख राहते, बोटाने चुरली की भुगा होते. नायलॉन आधी आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक मणी तयार होतो, तो चुरत नाही. त्याच दुकानात परत गेलो, सुपर सॉफ्ट आणि प्युअर ब्रिसल असे दोन ब्रश विकत घेतले आणि काउंटरवरच दोन्हीचा एकेक केस उपटून काडी लावली. प्युअर ब्रिसल भुरकन जळला, सलूनच्या मागच्या गल्लीसारखा वास सुटला. सुपर सॉफ्टचा मणी झाला. दुकानदार आधी वैतागला, मग त्याला मजा वाटायला लागली, गिऱ्हाईक थांबवून त्यांना दाखवायला लागला. केस आहे एवढं यातून कळतं, डुकराचा की घोड्याचा की मुंगसाचा ते मात्र कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते, म्हणून छापायचंच पाहिजे.

बरं, लोक विचारतील मग सर तुम्ही शेवटी वापरता काय. डुकराच्या केसाचा तो ब्रश मी महिना-दीड महिना वापरला, त्याच्याशी माझं वाकडं नाही. नवा असताना ओल्या जनावराचा वास येतो, शाम्पूने दोन-तीनदा धुतला की जातो, आणि सुरुवातीला टोचतो. पण रोज पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवून वापरत राहिलं तर हळूहळू एकेका केसाचं टोक फाटून त्याचे दोन-तीन धागे होतात आणि ब्रश मऊ पडत जातो, बूड मात्र ताठच राहतं. नव्या कोल्हापुरी चपलेसारखं आहे, आधी ती तुम्हाला चावते मग तुमची होते. ज्याला धीर आहे आणि ज्याला डुकराचं वावडं नाही त्याने जरूर घ्यावा, पैशाच्या मानाने याच्यासारखा दुसरा नाही.

पण माझा गळा आधीच सोललेला, मला धीर नव्हता. मग नवीन पद्धतीचा सिंथेटिक घेतला, ४८० रुपयांना. हा त्या ६० रुपयांच्या नायलॉनच्या जातीचाच पण बराच सुधारलेला, धागे बारीक आणि टोकाला निमुळते केलेले, जनावराच्या केसाची नकल पण नकल म्हणून सांगून विकलेली. भिजवत बसायला नको, नुसता ओला करून झटकायचा, साबण कमी लागतो, तासा-दोन तासात सुकतो आणि कुठला जीव गेला का हा प्रश्न नाही. खोट काढायचीच तर पाणी कमी धरतो, त्यामुळे फेस घोटताना दोन-चार थेंब वरून घालावे लागतात, आणि जनावराच्या केसाची जी एक ऊब असते ती यात नाही. पण पुटकुळ्या तीन आठवड्यांत बसल्या. सलूनवाल्या पोराने आणखी एक सांगितलं होतं ते पण पाळतो, म्हणाला, "सर, गोल गोल फिरवून खुंट उभे करा, शेवटी भिंतीला रंग देतात तसा खालीवर एक हात मारा आणि दाबू नका, टोकांनीच काम करा."

जैन गुरुजींनाही मी तसलाच घेऊन दिला. पैसे घेतले नाहीत त्यांच्याकडून, इतकी वर्षं त्यांच्या डब्यातलं लोणचं खाल्लंय.

तर मागणी एवढीच आहे. कंपन्यांनी ब्रशाच्या डब्यावर केस कशाचा ते मराठीत किंवा हिंदीत सरळ लिहावं, डुक्कर, घोडा, बॅजर किंवा नायलॉन, ब्रिसल-फिसल नको. वजनमापे खात्याने एमआरपी-तारखेसारखं हेही डब्यावर सक्तीचं करावं. आणि पुरवणीच्या लेखक महाशयांनी पुढच्या वेळी "शक्य तितका मऊ" असं मोघम लिहिण्याआधी माझ्याकडे चहाला यावं, चारही ब्रश ठेवलेत, गालावर लावून बघावेत.

परवा ब्लेडचं पाकीट आणायला त्या दुकानात गेलो होतो. मालकाने टांगलेल्या प्रत्येक डब्यावर पांढरी चिठ्ठी डकवलीय, बॉलपेनने, काहींवर "केस" आणि काहींवर "मणी". मणी कशाला लिहिलंय विचारलं तर म्हणाला, "सर गिऱ्हाईक विचारतंय मणी म्हणजे काय, मग मी काडी पेटवून दाखवतो, ब्रश खपतोय."

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त शिक्षक, लातूर

ता. क. ब्रश जुना होऊन कडक झाला म्हणून फेकणाऱ्यांसाठी. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं पाणी, म्हणजे पुस्तकातलं दुष्फेन पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं, त्यात साबणाचा फेस होण्याऐवजी पांढरा साका होतो आणि तो केसांच्या बुडाशी जाऊन बसतो. केस कडक झालेला नसतो, त्यावर पुटं चढलेली असतात. कपभर कोमट पाण्यात अर्धं लिंबू पिळा, ब्रशाचे फक्त केस त्यात दहा मिनिटं बुडवा, मूठ नको, मग शाम्पूने धुवा, पांढरं सगळं सुटतं. उकळतं पाणी कधीच नको, केस पण जातो आणि बुडाचा डिंकही सुटतो. नंतर झटकून मोकळ्या हवेत ठेवा, ओलाच डबीत कोंबला तर पावसाळ्यात बुरशी धरतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, त्या दिवसांत मी एका फुलपात्रात अख्खी दाढी उरकायचो, शेवटचं उरलेलं पाणी तुळशीला नाही पण दारातल्या कण्हेरीला, तेव्हा पाणी फार लागतं म्हणून ब्रश नको असं कुणी म्हणू नये.